मिरज ते मदुरै, व्हाया भोसले

आमच्या प्रवासाचा नकाशा शहाजीराजांनी आखून ठेवलाय असं मी म्हणत होते आणि सासूबाईंचं म्हणणं, तो हायवेवाल्यांनी आखलाय. होदिगेरेला शहाजीराजांची समाधी, बेंगळूर त्यांची जहागीर, जिंजी राजाराममहाराजांची, तंजावर व्यंकोजींचं आणि सरफोजींचं. एवढं कागदावर मांडून पुढे तिरुचिरापल्ली आणि मदुरै ही दोन नावं मी केवळ शिष्टाचार म्हणून जोडली होती. आईंनी चष्मा लावून कागद वाचला आणि विचारलं, "म्हणजे एवढं पेट्रोल जाळून दक्षिणेत जायचं, आणि आपल्याच माणसांना भेटून यायचं होय?"

आईंचं माहेर अथणी. घरात मराठी, अंगणात कन्नड अशा त्या वाढल्या आणि लग्न होऊन मिरजेला, कृष्णेच्या वरच्या अंगाला आल्या. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, गुडघे कुरकुरे, जीभ ठणठणीत. नवऱ्याला आम्ही विचारलंच नाही. तो स्वतः गाडी चालवतो तेव्हा गप्प असतो आणि शेजारी बसतो तेव्हा पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतो. त्यापेक्षा आई बऱ्या. शेजारच्या सीटवर मांडी घालून बसणार, चिवड्याचा डबा मांडीवर, आणि समोरचा ट्रक चुकीचा वळला तर त्याला दोन भाषांत सुनावणार.

निघालो ती जानेवारीची सुरुवात होती. निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी. या रस्त्याबद्दल काय लिहायचं! चांगला आहे, म्हणूनच आठवत नाही. दावणगेरेला बेण्णे डोसा खाल्ला, म्हणजे लोण्याचा. आईंनी पहिला घास घेऊन "हे आमच्या आईच्या हातचं" असं जाहीर केलं, आणि तिथून पुढे तुंगभद्रेचं खोरं संपेपर्यंत त्या प्रवासात नव्हत्याच, माहेरी होत्या.

होदिगेरे चन्नगिरी तालुक्यात आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की सुपारीच्या बागा लागतात. १६६४च्या जानेवारीत शिकारीला गेलेले शहाजीराजे घोड्यावरून पडले आणि गेले, ते इथे. समाधी अगदी साधी आहे. महाराष्ट्रात असती तर भोवती कमान, बुरूज, सेल्फी पॉइंट आणि वर्षातून दोनदा भाषणं झाली असती. मी फुलं वाहिली, थोडा वेळ उभी राहिले. आई कुंपणापाशी एका बाईशी बोलत होत्या. परत येताना गाडीत कळलं की यंदा सुपारीला भाव कसा आहे, त्या बाईच्या धाकटीचं लग्न कुठे अडलंय, आणि समाधीला दिवा कोण लावतं. तिसरी गोष्ट मी विचारायला हवी होती, पण मला कन्नड येत नाही.

चित्रदुर्गला मात्र आई स्वतःहून उतरल्या. हा किल्ला म्हणजे डोंगराएवढ्या गोल शिळांचा पसारा, आणि त्यांच्या फटीफटींतून बांधत नेलेली तटबंदी. हैदरअलीच्या वेढ्यात त्याचे शिपाई एका फटीतून आत सरकू लागले, तेव्हा पहारेकऱ्याच्या बायकोने, ओबव्वाने, मुसळ उचललं आणि फटीतून येणाऱ्या एकेकाच्या डोक्यात घातलं, अशी तिथली कथा. नवरा जेवायला बसला होता, त्याच्यासाठी ती पाणी आणायला गेली होती. ती फट अजून आहे. माणसाला वाकून, अंग चोरून, एकेकट्यानेच जावं लागतं. आत शिरलं की दोन्ही खांद्यांना दगड लागतो आणि डोकं आपोआप पुढे येतं, अगदी मुसळाच्या सोयीचं. आईंनी पदर खोचला, पिशवी माझ्याकडे दिली आणि पलीकडे निघाल्या. बाहेर आल्यावर विचारलं, "मग, नवऱ्याला हाक मारली का तिने?"

"नाही म्हणे. जेवत होता ना."

"जेवू दिलं त्याला," आई म्हणाल्या. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कळलं नाही.

बेंगळूरबद्दल माझी तयारी मोठी होती. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने केंपेगौडांकडून शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शिवाजीमहाराज आणि त्यांचे सावत्रबंधू व्यंकोजी यांच्यात वडिलांच्या दौलतीवरून पुढे जे बिनसलं, त्याचं मूळ इथेच. १६७७मध्ये दोघे कोल्लिडम नदीच्या काठी भेटले, महाराजांनी अर्धा वाटा मागितला, आणि एका रात्री व्यंकोजी कोणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. पुढे समेट झाला त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंचा हात होता असं सांगतात, आणि महाराजांनी बेंगळूर दिलं ते दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी. हे सगळं मी सिल्क बोर्डच्या चौकात सांगितलं. तिथे वेळ भरपूर मिळतो.

आईंनी मोटारींच्या रांगांकडे पाहिलं. "एवढं सगळं चोळीबांगडीला? शहाणी सून. दिरालाच आपल्या बाजूचा केला." पुढे मोगलांनी हे शहर जिंकून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना दिलं, हेही मी सांगितलं. तेवढ्यात तर आज तिथल्या बऱ्याशा फ्लॅटचं डिपॉझिट भागत नाही. शहाजीराजांच्या खुणा शोधायला आम्ही थांबलो नाही. शहर तेव्हाही मोक्याच्या जागी होतं आणि आताही आहे. फक्त आता त्याच्यातून बाहेर पडायला एक सबंध दुपार लागते.

होसूर ओलांडलं आणि पाट्यांवरची लिपी बदलली. कन्नड अक्षरं वाचता येत नसली तरी मला ओळखीची होती. तमिळ अक्षरांनी आम्हा दोघींनाही एका रांगेत बसवलं. आईंना हे मान्य नव्हतं. त्या कृष्णगिरीच्या चहावाल्यापासून मदुरैच्या फुलवालीपर्यंत सगळ्यांशी कन्नडच बोलल्या, फक्त आवाज चढवून. आणि सांगायची गोष्ट अशी, की काम होत होतं. दूध मिळत होतं, पाणी मिळत होतं, रस्ता मिळत होता. माझं इंग्रजी आणि फोनवरचा नकाशा त्यामानाने फार वेळा तोंडघशी पडले.

तिरुवण्णामलैला मुक्काम केला, तो पहाटेसाठी. मार्गळी महिना चालू होता. अजून उजाडलेलं नाही, देवळाच्या कर्ण्यावर तिरुप्पावै चाललंय, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका दारापुढे सडा घालून कोलम काढताहेत. आई एका दारापुढे थांबल्या त्या हलेचनात. ती बाई कमरेत वाकून, गुडघे न मोडता उभी होती. आधी ठिपक्यांची जाळी घातली. मग चिमटीतून पिठाची एकच रेघ सोडली. ती ठिपक्याला वळसा घालून पुढे, दुसऱ्याला उलटा वळसा, कुठेही ठिपक्याला न शिवता, आणि शेवटी निघाली होती तिथेच येऊन मिळाली. आपण ठिपके जोडतो. ही बाई ठिपके चुकवत होती. आईंनी हात पुढे केला, बाईने पिठाची वाटी दिली. आईंची रेघ सातव्या-आठव्या वळणावर भलत्याच गल्लीत शिरली. बाईने हसत पायाने ती पुसली आणि त्यांचं बोट धरून पुन्हा सुरुवात करून दिली. दोघींमधे एकही समान भाषा नव्हती. मी गाडीजवळ उभी राहून घड्याळ पाहत होते, कारण मला उन्हाच्या आत जिंजी गाठायची होती.

जिंजी. तमिळमध्ये सेंजी. लांबूनच तीन टेकड्या दिसतात: राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी; तिन्ही मिळून एक किल्ला, आणि तिन्हींवर शिळांचे ढीग. भोवती भाताची हिरवीगार खाचरं. शिवाजीमहाराजांनी १६७७मध्ये हा किल्ला घेऊन ठेवला नसता तर पुढच्या इतिहासाचं काय झालं असतं, हा प्रश्न इथे पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय नीट समजत नाही. संभाजीमहाराजांचा अंत झालेला, रायगडाला वेढा पडलेला, आणि राजाराममहाराज पन्हाळ्याहून वेश पालटून, बेदनूरच्या राणी चेन्नम्मांच्या आश्रयाने एवढं अंतर तोडून इथे आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या झुल्फिकारखानाचा वेढा जवळजवळ आठ वर्षं चालला. १६९८च्या जानेवारीत किल्ला पडला तेव्हा महाराज निसटलेले होते. मराठ्यांचं राज्य त्या काळात या दगडांवर तग धरून होतं. २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा हा.

राजगिरीची चढण कोणाची भीड धरत नाही. पायऱ्या उंच, ऊन डोक्यावर, माकडं पिशवीवर टपलेली. माथ्याच्या अलीकडे एक खोल घळ आहे, तिच्यावर पूल. पूल काढून घेतला की वरची माणसं वर आणि खालची खाली. मी त्या पुलावर उभी राहिले तेव्हा छाती भरून आली, हे लपवत नाही. वरून इतका मुलूख दिसतो की वेढा घालणाऱ्यांची कीव यावी.

आई खाली कल्याणमहालाच्या सावलीत बसल्या होत्या, पेरू विकणाऱ्या एका म्हातारीबरोबर. मी घामाघूम होऊन उतरले आणि राजाराममहाराजांविषयी बोलू लागले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. "देसिंगू कोण ते माहीत आहे का तुला?"

माहीत होतं, पण तळटीपेइतकंच. राजा देसिंगू म्हणजे तेजसिंह, बुंदेल्यांचा पोरगा, मोगलांनी नेमलेल्या जिंजीच्या किल्लेदाराचा मुलगा. अर्काटच्या नवाबाने खंडणी मागितली, त्याने दिली नाही, आणि मूठभर स्वारांनिशी लढून १७१४ साली मेला. वय विशी-बाविशीचं. त्याचा जिवलग मित्र मुसलमान होता, तोही त्याच लढाईत पडला. कथेत एक घोडीही आहे. बायको सती गेली, आणि तिच्या सन्मानार्थ नवाबाने राणीपेट वसवलं असं सांगतात. तमिळमध्ये याची गाथा गायली जाते आणि सेंजीच्या माणसाला हा किल्ला विचारला तर तो देसिंगूचा. आईंना हे सगळं म्हातारीने सांगितलं होतं, हातवारे करून, घोडीच्या टापा मांडीवर वाजवून. राजाराममहाराजांचं नाव म्हातारीला मी उच्चारून दाखवलं. तिने विचार केला आणि आणखी एक पेरू कापला.

मला त्या क्षणी वाईट वाटलं, रागही आला थोडा. पण गाडी कुंभकोणमच्या वाटेला लागल्यावर हिशेब करून पाहिला. आम्ही इथे किल्ला राखायला आलो आणि राखून निघून गेलो. तो पोरगा इथे मेला. गाणं कुणावर होणार?

कुंभकोणमला पितळी डबऱ्यात कॉफी प्यायलो, तिच्याविषयी लोक लिहितात ते सगळं खरं आहे. जवळच गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. तिथे तमिळ गळ्यांतून अभंग ऐकले. उच्चार वळणावळणाला घसरत होते आणि ताल मात्र इतका पक्का की वारकऱ्यांनी मान डोलवावी. आई टाळ्या वाजवत शेवटपर्यंत बसल्या.

तंजावरला मी दोन मुक्काम ठेवले होते, आणि तेही अपुरे पडले. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं. विमान साठ मीटरहून उंच. याची सावली जमिनीवर पडत नाही असं प्रत्येक गाइड सांगतो. आमचाही सांगत होता. आई ते ऐकत होत्या विमानाच्याच ऐसपैस सावलीत बसून, चपला काढलेले पाय चोळत. त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, तो हसला आणि पुढच्या मुद्द्याकडे गेला.

माझा पुढचा मुद्दा प्राकाराच्या भिंतीवर होता. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली इथे भोसले कुळाची सगळी कथा मराठीत कोरून घेतली. देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी. मी बोट फिरवत, अडखळत, एकेक नाव लावत होते. मागून माणसं येत होती, जात होती. वाचणारी मी एकटी.

"दुसऱ्याच्या घराच्या भिंतीवर आपली वंशावळ?" आई म्हणाल्या. मी म्हटलं, राज्य त्यांचं होतं. पण बोलता बोलता मला जोत्यावरचे चोळांचे तमिळ लेख आठवले, ज्यांच्याविषयी मी वाचून आले होते. राजराजाने तिथे कोरायला सांगितलं ते असं: मी दिलं ते, माझ्या अक्काने दिलं ते, माझ्या बायकांनी दिलं ते आणि इतरांनी दिलं ते. पुढे याद्या. देवळासाठी ठिकठिकाणांहून आणून वसवलेल्या चारशे नर्तकी, प्रत्येकीचं नाव, कोणत्या गल्लीत कितवं घर, प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. त्यांच्यामागे वादक, शिंपी, कुंभार, परीट, छत्र्या धरणारे, हिशेबनीस. हजार वर्षांपूर्वी एका शिंप्याचा वाटा दगडावर चढला, तो देवाच्या दारात.

आईंनी यातलं एकच उचललं. "आधी नणंद, मग बायका. राजा झाला तरी घर तेच."

मी हसले, पण ती यादी डोक्यातून जाईना. एका भिंतीवर कुळ, एका जोत्यावर गाव. सरफोजींवर मात्र मी यावरून अन्याय करणार नाही. या माणसाचं खरं काम भिंतीवर नाहीच. सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण ते भरलं सरफोजींनी. १८२०-२१मध्ये काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही ग्रंथ आणले. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह नोंद ठेवली जाई. त्यांच्याच दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याला जी शिस्त लावली, तिच्यावर आजचं भरतनाट्यम उभं आहे. त्याच्याही आधीचे शहाजीराजे, व्यंकोजींचे चिरंजीव. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली ती विष्णुदास भाव्यांच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं, आणि तेलुगूतही लिहिली. एक तर पाच भाषांतलं आहे, त्यातल्या राजकन्या आपापल्या भाषेत कृष्णाला वश करतात. सांगलीकरांना भाव्यांचा अभिमान असतो तो असू द्यावा. पण त्याआधीचा मराठी नट इथे उकाड्यात, तेलुगू नटांच्या शेजारी उभा होता. सांबार संभाजीमहाराजांच्या नावावरून आलं, हे मला विचारू नका. कथा गोड आहे, पुरावा मी पाहिलेला नाही.

संध्याकाळी कॉफी पिताना शेजारच्या टेबलावरचे वेष्टीतले आजोबा आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलू लागले. शब्द जुने, चाल तमिळ. पहिली दोन वाक्यं मला कळली नाहीत, तिसऱ्यापासून कान बसला. मी त्यांना तंजावरच्या मराठ्यांविषयी विचारायला सरसावले. त्यांना कावेरीविषयी बोलायचं होतं. मेट्टूरचं धरण १२ जूनला उघडायचं ही रीत, पण कर्नाटकाने वरून पाणी सोडलं तर ना! इथे आईंच्या अंगात अथणी संचारली. वरच्यांनाही शेतं असतात, त्या म्हणाल्या. आजोबा तापले. मग आईंना मिरज आठवली, २०१९चा पूर आठवला, आणि अलमट्टीचं पाणी वेळेवर सोडलं नाही म्हणून आपणच सांगलीत बसून कर्नाटकाला काय काय बोललो होतो तेही आठवलं. नदीच्या दोन्ही अंगांना सासर-माहेर असलेल्या बाईने कोणाची बाजू घ्यायची? कॉफीचे पैसे आजोबांनी दिले. भोसल्यांचा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी आई मला एका वीणा करणाऱ्याकडे घेऊन गेल्या; पत्ता त्यांनी हॉटेलातल्या झाडूवालीकडून मिळवला होता. मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. तानपुऱ्याचे भोपळे उन्हात वाळताना पाहतच आईंचा संसार झालाय. तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न: "भोपळा कुठाय?" इथे पोटाला भोपळा नाही. वीणेचं पोट फणसाच्या लाकडाचं, पनरुटीच्या बाजूचं खोड आणून आतून कोरलेलं. कारागीर मांडी घालून बसला होता. दांडीवर काळं मेण लावलेलं. तो पितळी पडदा त्यात बसवायचा, तार छेडायचा, कान वाकडा करून पडदा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायचा. चोवीस पडदे, चोवीस वेळा तेच. यंत्र नाही, ट्यूनर नाही. आईंनी कोरलेल्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं, मिरजेत भोपळ्यावर करतात तसं. कारागिराने मान वर करून त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि आणखी एक पोट पुढे सरकवलं. त्यावर टकटक. आईंनी मान हलवली, हे नाही, ते पहिलं. तो हसला, म्हणजे उत्तर बरोबर असावं. मिरजेच्या सतारी केल्या त्या मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी, हे मला त्याला सांगायचं होतं, पण मधे पडावंसं वाटलं नाही.

तिरुचिरापल्लीची वाट कल्लणैवरून घेतली. करिकाल चोळाच्या नावाचा तो बंधारा अजून पाणी वळवतो. रघूजी भोसल्यांनी १७४१मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला साताऱ्याला कैदेत नेलं, हा माझ्या कागदावरचा शेवटचा मुद्दा मी गाडीत सांगितला, तेव्हा आई झोपल्या होत्या. श्रीरंगमला जाग आली. सात प्राकारांत आख्खं गाव वसलेलं, आणि बाहेरचं राजगोपुर पुरं झालं ते १९८७मध्ये.

मदुरैत भोसले नाहीत. म्हणून असेल, मी तिथे पहिल्यांदा कागद घडी करून ठेवला आणि नुसती हिंडले. जिगरठंडा प्यायले, फुलवालीकडून हातभर मल्लिगै घेतली. मीनाक्षीच्या देवळात आधी तिचं दर्शन, मग सुंदरेश्वराचं. रात्री देऊळ मिटताना त्याच्या पादुका पालखीतून वाजतगाजत तिच्या शयनगृहात नेतात. ती त्याच्याकडे जात नाही. राज्य तिचं आहे. गर्दीत टाचा उंचावून ते पाहत आई माझ्या कानाशी म्हणाल्या, "शंकर इथे घरजावई गं!"

नंतर रस्त्याकडेच्या गाडीवर इडल्या खात होतो तेव्हा नवऱ्याचा फोन आला. आईंनी घेतला. कोलमची रेघ, म्हातारीचे पेरू, वीणेचं पोट, ओबव्वाचं मुसळ, कावेरीचं भांडण, सगळं सांगून झालं. शहाजीराजांच्या समाधीचं आलं ते सुपारीच्या भावाच्या पोटात. मग फोन माझ्याकडे. मी म्हटलं, "अरे, जिंजी काय आहे सांगू तुला, राजाराममहाराज..."

"हो, पण ते देसिंगूचं आधी सांग," तो म्हणाला. "आई म्हणते, घोडीचं तुला नीट सांगता येईल."

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी गाडीवाल्याला कन्नडमध्ये आणखी दोन इडल्या सांगितल्या होत्या, आणि चटणी वाढून घेत होत्या. मी घोडीपासून सुरुवात केली.